शांत आहे म्हणायचं नाही

वर्सन —

नाइट ड्यूटी संपवून मी खराडीतल्या आयटी पार्कच्या मागच्या गेटाशी, रामदासकाकांच्या टपरीवर चहा घेत होते. पाऊस असून नसल्यासारखा. शेजारच्या बाकावरचा माणूस फोनवर इंग्रजीत सांगत होता, "येस, वर्सनिंग ऑल नाइट. नाऊ डिटेरिओरेटिंग. नो रिस्पॉन्स."

रात्रभर बिघडतंय, आता प्रतिसादच नाही! मी ग्लास ठेवून उठलेच. "श्वास चालू आहे का? पेशंट कुठे आहे?"

त्यानं फोनवर हात ठेवला. "अहो, सर्व्हर आहे."

"काय?"

"पेशंट. कॉम्प्युटर आहे तो. श्वास घेत नाही. तेवढाच एक त्रास कमी."

मी खाली बसले. कान गरम झाले होते. रामदासकाकांनी विषय बदलायला विचारलं, "काय सिस्टर, रात्र शांत गेली ना?"

"असं बोलू नका," मी म्हणाले.

"असं बोलू नका," तोही म्हणाला. त्याच वेळी.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं… आमच्या वॉर्डात 'आज शांत आहे' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं, की स्ट्रेचर आलंच. त्याच्या सपोर्ट टीममध्येही तेच निघालं. कुणी 'सगळं नीट चाललंय' म्हणालं, की भिंतीवरचा स्क्रीन लाल. चांगलं चाललेलं तोंडानं कबूल न करणारी माणसं फक्त आमच्याकडेच असतात, असं मला तोवर वाटत होतं.

त्याचं नाव दत्तप्रसाद. कसबा पेठेतला. मी नम्रता रामटेके, भंडाऱ्याची.

डिटेरिओरेट —

आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं मला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, नर्सेसची इंग्रजीची परीक्षा. मी एकदा नापास झाले होते. आता पुन्हा झाले, तर जागा दुसरीला.

"कशात अडलात?" त्यानं विचारलं.

"बोलण्यात. समोर पेशंटचा मुलगा असतो, म्हणजे तसं नाटक करणारा. वडिलांची तब्येत बिघडतेय, हे त्याला सांगायचं."

"मग माझ्याकडे शिका. बिघडण्याचं सगळं इंग्रजी मला येतं. सुधारलंय म्हणून आजवर कुणी फोनच केलेला नाही."

त्याचीही शिफ्ट सकाळीच संपायची. तो मुलगा झाला. मी समोर उभी राहिले, हात मागे बांधून, डॉक्टरांच्या राउंडला राहते तशी.

"युअर फादर इज डिटेरिओरेटिंग."

हातातलं बिस्कीट चहात मऊ होऊन पडलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"चुकलं का?"

"नाही. मला अगदी असंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "बाबांच्या वेळी. कॉरिडॉरमध्ये, चालता चालता. मी मान हलवली. मग जिन्यात बसून मोबाइलवर शब्दाचा अर्थ शोधला." तो थोडा हसला. "तसा माहीत होता हो. रोज लिहायचो. बाबांना लागू होतो, हे माहीत नव्हतं."

पाऊस टपरीच्या प्लॅस्टिकवर टपटपत राहिला.

"हा शब्द तू डॉक्टरला सांग. मुलाला नको."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. दोघांच्याही लक्षात आलं — आणि कुणीच दुरुस्त केलं नाही.

"मग मुलाला काय सांगू?"

"आधी बस. त्याच्या शेजारी. मग म्हण, ही इज नॉट ॲज वेल ॲज यस्टरडे. आणि मग थांब."

"थांबून काय करू?"

"काही नाही. त्याला कालचा दिवस आठवू दे."

डिक्लाइन —

हळूहळू, वयानं, उतरत जाणं. दत्तप्रसादच्या मते त्याच्या गल्लीतली मिसळ 'डिक्लाइन'मध्ये होती. मी म्हटलं, दाखव.

दाखवली. मला आवडली.

"तुझी चव भंडाऱ्याची आहे. तिखट असलं की झालं."

"काहून? पुण्यात चवीची परीक्षा असते का?"

"असते. तोंडी."

परतताना कसब्याच्या अरुंद गल्लीत मागून स्कूटर आली. त्यानं मला बाजूला ओढलं — हात धरून नाही, पर्सचा पट्टा धरून. स्कूटर केव्हाच गेली. पट्टा मात्र कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत त्याच्याच हातात होता.

ॲग्रव्हेट —

"आहे ते दुखणं कुणीतरी आणखी चाळवणं," तो म्हणाला.

"वाक्यात सांग."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. बसकडे. रामदासकाकांच्या स्टोव्हकडे.

"युअर लाफ… ॲग्रव्हेट्स माय कंडिशन."

"परीक्षेत चालेल हे वाक्य?"

"परीक्षेत नाही."

टेक अ टर्न फॉर द वर्स —

चांगलं चाललेलं अचानक वाईटाकडे वळणं. मी पास झाले.

"अभिनंदन," तो म्हणाला. पुणेरी अभिनंदन. घडी घालून खिशात ठेवता येईल एवढं कोरडं.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला नाही. त्याच्या पुढच्याही. रामदासकाका म्हणाले, शिफ्ट बदललीय. मग माझ्याकडे न बघता गाळणं झटकत म्हणाले, "त्यानंच मागून घेतली म्हणे."

वॉर्डात पेढे वाटले. बॅगेचं वजन, स्वेटर, तिकडची थंडी — सगळ्या मैत्रिणी बोलत होत्या आणि मी हो-हो म्हणत होते. मला काय होत होतं, त्याला इंग्रजीत कितीतरी शब्द होते. सगळे त्यानंच शिकवलेले. एकही मला लागू होईल, हे माहीत नव्हतं.

नॉट ॲज वेल ॲज यस्टरडे —

मी त्याला मेसेज केला. 'शेवटचा सराव. मुलगा हवाय.'

आला. दाढी वाढलेली. फोन बाकावर ठेवला. त्या सकाळी कंपनीचा फोन आला तर त्यालाच घ्यायचा होता.

"पास झालीस ना? आता कसला सराव?"

मी आधी बसले. समोर नाही, शेजारी.

"दत्तप्रसाद… आय ॲम नॉट ॲज वेल ॲज यस्टरडे."

आणि मग थांबले.

उकळत्या चहाचा आवाज येत होता. तो बाकाच्या फळीवरची एक चीर नखानं कोरत होता. काल कुठला ते त्याला विचारावं लागलं नाही. पट्टा धरून चाललो होतो, तो.

"काहून?" तो म्हणाला. माझाच भंडाऱ्याचा 'का', पुणेरी जिभेवर अगदी अवघडलेला.

मी हसले. डोळे भरले होते, तरी हसले.

"शिफ्ट का बदललीस?"

"मी बोललो असतो, तर तू थांबली असतीस. त्या नोकरीसाठी किती रात्री जागलीस ते मी बघितलंय." त्यानं श्वास घेतला. "तू जा. दोन वर्षांचा करार आहे ना, पूर्ण कर. मी आहे. पण एक ऐकून जा. तू या बाकावरून उठून माझ्या सर्व्हरचा श्वास विचारलास ना, तेव्हापासून माझं सगळं छान चाललंय. एकदम शांत —"

"अरे, असं बोलू नको ना."

"बोलणार. शांत आहे. छान आहे. मुद्दाम बोलतोय."

फोन वाजला. स्क्रीनवर ऑफिसचं नाव.

"बघ," मी म्हणाले. "बिघडलं."

"बिघडू दे. त्याचे शब्द आपल्याला पाठ आहेत." त्यानं फोन उचलला, "गिव्ह मी फाइव्ह मिनिट्स," म्हणाला आणि पालथा ठेवला. मग माझ्या हातावर हात ठेवला. या वेळी पट्टा नव्हता.

"भंडाऱ्याला गाडी कुठली जाते?"

"माझ्या बाबांना सांगणार तू? ते आधी विचारतील, कसब्यातला मुलगा, रामटेक्यांची मुलगी तुझ्या घरी सून म्हणून चालेल का?"

"काल रात्री जेवताना आईला सांगितलं. आधी तिच्या शेजारी बसलो. मग सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

त्यानं माझा चहा उचलून एक घोट घेतला.

"अजून थांबलोय."