कांद्याचं रडू

दारातून कोणी बाई "अवं रुखमे, कुठी गेली वं तू…" असा गळा काढत आत शिरली, की आचल आधी स्वयंपाकघरात पळायची. विळीवर एक कांदा उभा चिरायचा, दोन्ही डोळे त्यावर धरायचे आणि पाणी आलं की ओढणीचं टोक नाकाला लावून बाहेर यायचं. मग ती बाई गळ्यात पडायची, दोघी मिळून यथासांग रडायच्या, आणि रडून झालं की बाई डोळे पुसत विचारायची, "तो पाण्याचा पितळी गुंड कोणाले देऊन राह्यली वं?"

चिमूरकडच्या त्या गावात ही रीतच होती. मयत झालेल्या घराची पायरी चढायची ती रडतच, आणि घरच्या लेकीनं प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडायचं. रुखमाबाई चैत्रात गेली. नवरा बाबुलाल कधीच गेला होता. तलावातली मासोळी बाजारात विकून तिनं एकटीनं पोरीला शिकवलं, आणि पोरगी नागपूरच्या लॅबमध्ये नोकरीला लागली न लागली तोच रुखमाबाईचं अर्धं अंग लकव्यानं गेलं. आचल नोकरी सोडून आली ती कितीतरी वर्षं आईच्या खाटेपाशीच राहिली, पार शेवटापर्यंत. आणि शेवट आला, तेव्हा तिच्या डोळ्यांतून एक टिपूस पडला नाही. बायांनी ते पाहिलं होतं. "पोट्टी गोटा हाय गोटा," असं कुजबुजलेलं तिनंही ऐकलं होतं.

आता चंद्रपूरच्या एका लॅबनं तिला बोलावलं होतं. घर ती गावच्या मच्छीमार संस्थेला देऊन टाकणार होती, जाळी ठेवायला. त्याआधी ते रिकामं करायचं, आणि रिकामं करायचं म्हणजे कोणी जातं न्यायला येणार, कोणी लुगडी, कोणी बापाची जुनी जाळी. प्रत्येक वस्तूमागे एक रडणारी, आणि प्रत्येक रडणारीमागे एक कांदा.

त्या दिवशी रंभाबाई आली होती. रंभाबाईचा आवाज म्हणजे वेशीपर्यंत जाणारा. आचल विळीवर वाकली, डोळे ताणले… आणि वरून कोणीतरी फिसकन हसलं.

वानर? नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला होता; वानरं सावलीला छपरावर येतच. पण वानर हसत नाही. तेवढ्यात छपराचं एक कवेलू, मातीचं कौल, घसरून तिच्या पायाशी फुटलं, आणि त्या भोकातून एक चेहरा दिसला. डोक्याला दुपट्टा बांधलेला, घामानं निथळणारा, आणि ओठ घट्ट मिटूनही हसू न आवरणारा.

"कोण आहे?" आचल दबक्या आवाजात ओरडली. बाहेर रंभाबाई होती, मोठ्यानं ओरडायची सोय नव्हती.

"मी… स्वप्निल. संस्थेचा नवीन सचिव." तोही कुजबुजत म्हणाला.

"सचिव छतावर काय करून राह्यला?"

"कवेलू फेरून राह्यलो जी. पाणकाळा लागाच्या आधी. मले वाटलं, घर खाली झालं."

"नाई झालं!"

"ते दिसूनच राह्यलं." तो थांबला. बाहेर रंभाबाईनं आवाज आणखी चढवला. "मॅडम… एक अजून चिरा. बाहेरच्या बाई लय जोरात हायेत, एवढासा कांदा नाई पुरन."

आचलचे कान तापले. चिरलेला कांदा त्याला फेकून मारावा असं वाटलं, पण त्याची आत्ता गरज होती. ती ओढणी नाकाला लावून बाहेर गेली, रडली, रंभाबाईला जातं दिलं, पायरीपर्यंत पोचवून आली. आणि मग मागच्या अंगणात जाऊन तिनं काय केलं, तर छपराला लावलेली शिडी काढून खाली आडवी ठेवली.

"ओ… ओ मॅडम! कवेलू तापले हायेत, पाय भाजून राह्यले!"

"आधी शपथ घ्या, भाऊ. कांद्याचं कोणाले सांगणार नाई."

"घेतली शपथ. तळ्याची घेतली, जाळ्याची घेतली. फक्त भाऊ नका म्हणू."

"काऊन?"

"असंच… पुढं जाऊन अडचण नको."

आचलनं शिडी लावली, पण जरा सावकाशच. तो उतरला तेव्हा ती पाठ करून उभी होती, कारण तिला हसू येत होतं. किती दिवसांनी, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो आला तो सरळ छपरावर चढला. वर तो कवेलू उचलायचा, झाडायचा, फुटकी बाजूला काढायचा. खाली ती पेट्या उपसायची. कवेलू काढलेल्या जागेतून उन्हाचे कवडसे खाली येत, त्यांत वर्षानुवर्षांची धूळ नाचत राही. ती बसेल तिथलं छप्पर तो आधी झाकून द्यायचा. एकदा तिनं मुद्दाम जागा बदलली, तर वरून आवाज आला, "एका जागी बसा नं जी! तुमच्यापाई मी आख्खं घर उलटंसुलटं फेरून राह्यलो."

"कोणी सांगितलं माह्यावर सावली धरायले?"

"कोणी नाई सांगितलं…" वरचे हात थांबले. "सांगितल्यावरच कराव लागते का सगळं?"

आचलनं हातातल्या लुगड्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

वर उंचावर असल्यानं त्याला गल्लीच्या टोकापर्यंत दिसायचं, आणि त्या शपथेचा अर्थ त्यानं स्वतःच वाढवून घेतला होता. कोणी दिसली की तो हळूच कवेलूवर टकटक करायचा. "आल्या. हातात मोठी थैली हाये. मोठ्यातला कांदा काढा." कधी, "राहू द्या, राहू द्या, त्या दुसऱ्या घरी वळल्या." कांद्याचं पाणी डोळ्यांत आणि हसू ओठांत, असं तोंड घेऊन बाहेर जाणं फार कठीण. मग ती ओढणी नाकावरून खाली ओढून अख्खं तोंडच झाकायची, आणि तिचे खांदे हलताना पाहून बाया म्हणायच्या, "आता लागलं पोरीच्या काळजाले."

चिरलेल्या कांद्याचं करायचं काय? झुणका. दुपारी ती त्यालाही ताट वाढायची. तो भाकरी मोडत झुणक्याच्या ढिगाकडे बघायचा आणि म्हणायचा, "आज लय जणी येऊन गेल्या वाटते." आणि सगळा झुणका चाटूनपुसून खायचा. इतक्या वर्षांत तिनं पेज भरवली होती, चमच्यानं, एकेक घोट. भूक लागून खाणारा माणूस समोर बसलेला बघायला इतकं बरं वाटतं, हे ती विसरून गेली होती.

हळूहळू घर रिकामं झालं. चूल गेली नाही, पण चुलीवरची भांडी गेली. जाळी गेली, टोपल्या गेल्या. राहिली फक्त मधली खोली. त्या खोलीत ती पाऊलही टाकत नव्हती. आईची खाट, तिच्यावरची हवेची गादी, औषधांचा वास. काम निघालं की ती दारावरून वळून दुसरीकडे जायची, आणि स्वप्निलनं ते वरून पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी छप्पर झालं. तो खाली आला, हात धुतले आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबला.

"खाट काढू?"

आचल उंबऱ्यावरच बसली. मग एकदम सुरू झाली, त्याच्याकडे न बघता.

"आई गेली ना… त्या दिवशी सगळे गेल्यावर मी झोपली. जशी पडली तशी झोपली. सकाळी उठली, तं पहिली गोष्ट मनात काय आली, माहीत हाये? का आज कोणाले उचलायचं नाई. कूस बदलायची नाई. रात्री कोणी हाक मारनार नाई." तिचा आवाज बारीक झाला. "मले बरं वाटलं. आई मेली, अन् पोरीले बरं वाटलं. मंग रडू कुठून येईन? बाया बरोबर म्हणतात. मी गोटाच हाय."

स्वप्निल तिच्यासमोर उकिडवा बसला. "उचलताना कंबर दुखे?"

"अजूनही दुखते."

"मंग बरं वाटन नाई तं काय वाटन?" तो इतक्या साधेपणानं म्हणाला, की आचलनं मान वर केली. "अन् रुखमाबाईले दुखे?"

"रात्रंदिवस. शेवटी शेवटी तं स्वतःच म्हणे, सोडव रे बाप्पा."

"म्हणजे त्या सुटल्या, याचं तुले बरंच वाटते नं? मंग त्याइच्यासोबत तूपण सुटली, तं त्याची कायची लाज?"

आचलनं ओढणीनं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "'तुले' म्हणालात."

"तोंडातून निघून गेलं… परत घेऊ?"

"राहू दे," ती म्हणाली. आणि दोघांच्याही लक्षात आलं, की तीही 'द्या' म्हणाली नव्हती.

खाट काढायला दोघं उठले. पण खाट खोलीत आली होती ती पाय सुटे असताना, हे कोणाच्या ध्यानात राहणार? ती दारात आडवी अडकली. आचल बाहेर, स्वप्निल आत. तिनं ओढली, त्यानं ढकलली, खाट जागची हलेना. "उभी कर!" "केली तं डोक्यात पडन!" "मंग बस आतच, पाणकाळाभर!" नवारीच्या पट्ट्यांमधून त्याचा तो केविलवाणा चेहरा दिसला, आणि आचलला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. भिंतीला टेकून, पोट धरून, मोठ्यानं, त्याच खोलीच्या दारात.

"अवं रुखमे…" म्हणत आत शिरलेली चंदाबाई पदर तोंडाशी धरून तशीच थांबली.

रुखमाबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी उमरभर डोक्यावर मासोळीच्या टोपल्या घेऊन बाजार केले होते. आचलचं हसू तिथंच आटलं. टकटक करायला आज वर कोणी नव्हतं, आणि जो होता तो खाटेमागे कोंडला होता. झालं, संपलं, असं तिला वाटलं. आता संध्याकाळपर्यंत गावभर.

चंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं, खाटेमागच्या पोराकडे पाहिलं, आणि नाक ओढून हवेचा वास घेतला.

"आज कांदा नाई चिरला का वं?"

"काकी… तुमाले…?"

"माहीत नसन का? घरात शिरलं की कांदाच नाकात जाते." चंदाबाई मटकन खाली बसली. "मायी सासू मेली तवा मी पदराच्या टोकाले तिखट बांधलं होतं. लय वर्षं केलं तिचं, हागणंमुतणं सगळं. मेली, तं एक थेंब येईना डोळ्यात. अन् ते तिखट मले कोणं आणून देलं होतं? तुह्या मायनं."

आचल तिच्याजवळ सरकून बसली.

"म्हणे, घे चंदा. लोकाइले तुह्यं रडणं पायजे, तुले झोप पायजे. त्याइचं त्याइले देऊन टाक, अन् आपली झोप घे." चंदाबाईनं आचलच्या गालावरून खरखरीत हात फिरवला. "तिले का समजत नसन, पोरी, तू किती थकली ते? हास तू. अन् त्या पोट्ट्याले बाहेर काढ, घामानं मरून जाईन."

आचलनं सवयीनं डोळ्यांकडे हात नेला. डोळे कोरडे होते. ते कोरडे आहेत याची आज तिला लाज वाटली नाही. छातीवरचा केवढा तरी भार कोणीतरी हातानं उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. तिनं पोटभर श्वास घेतला आणि खाटेचे पाय सोडवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरच्या एसटीला तिला पोचवायला निम्मं गाव आलं. स्वप्निल तिची बॅग घेऊन उभा होता. तिनं घराची किल्ली त्याच्या हातात दिली.

"मले मत्स्य विभागात कागद घेऊन यावं लागते चंद्रपूरले," तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला. "महिन्यातून एकदा."

"एकदाच?"

"आतापावतर एकदाच होतं…"

"अन् आता?"

"आता कागद वाढतीन, असं वाटून राह्यलं."

"कागदासाठी येऊ नको," आचल म्हणाली. "माह्यासाठी येत असशीन तं ये."

त्याच्या हातातला पट्टा सुटला. "तुह्याचसाठी," तो म्हणाला. "तू मले आवडते, आचल… लय आवडते."

एसटी आली. आणि बरोबर त्याच वेळी रंभाबाईनं पदर डोळ्यांना लावून सूर धरला, "माय गेली, घर गेलं… पोट्टी एकटी चालली वं बाई…"

सगळ्या बाया आचलकडे वळल्या. तिनं मान खाली घातली नाही, ओढणी शोधली नाही. सगळ्यांच्या देखत तिनं स्वप्निलचा हात धरला, घट्ट, बोटांत बोटं घालून.

"एकटी नाई चालली, रंभाबाई," ती हसून म्हणाली. "अन् रडू नका जी. मी खुशीत चालली."

रंभाबाईचं तोंड सुरातच उघडं राहिलं. चंदाबाई खुदकन हसली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तेव्हा कुठे आचल वर चढली, आणि खिडकीतून तिनं पुन्हा तोच हात बाहेर काढला. एसटी वेग घेईपर्यंत तो हात धरून स्वप्निल सोबत चालत राहिला, आणि आख्खं गाव उभं राहून बघत राहिलं.