जिवाणीचा तांब्या

ज्याला भुताखेतांची चेष्टा करायची असेल त्यानं खुशाल करावी. माझे सासरेही करायचे.

त्यांच्या फोटोला हार घालून आता बरीच वर्षं झाली.

ही घडलेली हकीकत आहे. साल १९४६, कार्तिक महिना, दिवेलागणीची वेळ. जागा सांगलीची, विश्रामबागेच्या बाजूची, आठ बिऱ्हाडांची इमारत. मी, शरयू, त्या घरात नवी सून होते. जे पाहिलं तेच लिहिते आहे.

सासऱ्यांचं नाव विष्णुपंत. कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. वाईला स्वतःचं घर होतं, पण तिथं त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. मग ते घर भावांच्या हवाली करून इथं आले. "नियम काय ते सगळ्यांनी मिळून ठरवा," असं मालकानं म्हटलं आणि मामंजींना स्वर्ग दोन बोटं उरला. सगळ्यांनी मिळून म्हणजे मामंजींनी एकट्यानं.

जिन्याखाली पाटी लागली. जिन्यात चपला वाजवू नयेत. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. सकाळची पाणीभरणी झाली की विहिरीच्या रहाटाला कुलूप. आणि विहिरीत काहीही ओतू नये.

किल्ली त्यांच्या जानव्याला.

इतर बिऱ्हाडं माना डोलावून मोकळी झाली. मोठी घरं सोडून आलेली माणसं ती सगळी, पण एकाच्याही अंगात पाणी नव्हतं.

अशात तळमजल्यावर जयपालअण्णा आणि गुणमालाबाई राहायला आले. जैन जोडपं, साठीच्या पुढचं. नदीकाठचं त्यांचं घर पावसाळ्यात बसलं होतं. उभा जन्म स्वतःच्या आडावर पाणी भरलेलं. पाण्याला कुलूप कशाला, हेच त्यांना कळेना.

बाई पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. दोन घटका झाल्या की तेच पाणी पुन्हा गाळायचं. कापडावर जे राहतं ती जिवाणी. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत सोडायचे. वरून फेकायचेही नाहीत. बाईंकडे बुडाला कडी असलेली एक छोटी बादली होती. ती पाण्याला टेकल्यावरच अलगद उलटायची.

मामंजींनी बादली पाहिली आणि पाटीवर बोट ठेवलं.

अण्णांनी हात जोडले. "आवं पंत, ती घाण न्हाई. जीव हायेत ते. किल्ली नगा देऊ, तुमीच येऊन कुलूप काढा."

"म्हणजे दिवसभर मी तुमच्या किड्यांना दारं उघडत बसू?"

सगळे हसले. हसणारे तरी कोण? गच्चीवर चोरून पापड घालणारे.

मग बाई जिवाणी एका पितळी तांब्यात जपून ठेवू लागल्या. वर ओलं फडकं. सकाळी कुलूप निघालं की तांब्या घेऊन जायच्या, तर मामंजी रहाटापाशी पहाऱ्याला उभे. तांब्या तसाच परत. त्यातले जीव मेले तर ते पाप आपल्या माथी, एवढंच त्या म्हणायच्या. शेवटी त्यांनी त्या विहिरीचं पाणी सोडलं. अण्णा नदीवरून घागर आणत. पुढं बाईंनी तेही सोडलं, पाण्याचा थेंबही घेईनात.

ज्या दिवशी गेल्या, त्या दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, तांब्या तेवढा पोचता कर."

मी तांब्या घेऊन वर आले, किल्ली मागितली. मामंजींनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि मोरीत उपडा केला.

"झालं," म्हणाले. "संपला विषय."

रिकामा तांब्या मी अण्णांना नेऊन दिला. बाईंचं सगळं आटोपल्यावर ते आपलं सामान घेऊन मिरजेला लेकीकडे निघून गेले.

आणि विहीर... गप्प झाली.

कपारीतले पारवे उडून गेले ते आलेच नाहीत. बेडकांचा आवाज थांबला. एक जुनं कासव होतं, ते दिसेना. भिंतीचं शेवाळ गळून पडलं. पाणी इतकं नितळ की तळाचा दगडन् दगड दिसावा. वर एक डाससुद्धा नाही.

मामंजी बिऱ्हाडकरूंना बोलावून दाखवायचे. नियम पाळले की पाणी कसं होतं, बघा. सगळे वा वा करायचे. मला त्या पाण्यात बघवत नव्हतं.

आणि मग एके दिवशी दिवेलागणीला...

रहाट वाजला.

किर्र... किर्र...

मामंजी तणतणत खाली गेले. मी कंदील घेऊन मागे. कुलूप जसंच्या तसं होतं. दोर मात्र ओला होता.

वर आलो, तर आमच्या उंबऱ्यावर तोच पितळी तांब्या. ओलं फडकं. काठोकाठ भरलेला.

मामंजींनी तो मोरीत ओतला आणि तांब्या माळ्यावर फेकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रहाट. पुन्हा तांब्या. पुन्हा मोरी. माणूस घाबरला होता, पण घाबरलो म्हणायला लागणारी हिंमतही त्याच्यात नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी मामंजींनी स्वतः कुलूप काढलं. तांब्या दोराला बांधून खाली सोडला, पाण्याला टेकवून उलटा केला.

"घ्या बाई. सोडले."

पाणी पाण्यात पडल्याचा आवाज... आलाच नाही.

मग खालून, अगदी शांतपणे...

"ह्ये ते न्हवंत."

आवाज गुणमालाबाईंचा होता. मी ओळखला. मामंजींनीही ओळखला.

त्या रात्रीपासून त्यांना पाणी पिता येईना. भांडं ओठाला लावायचे आणि खाली ठेवायचे. हलतंय म्हणायचे. आम्ही गाळून दिलं. ते स्वतः उपरण्यानं गाळत बसले, कापड उजेडात धरून बघत राहिले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. उशाशी भरलेल्या भांड्यांची रांग ठेवून ते तहानेनं गेले. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू?

आम्ही ती इमारत सोडली. विहीर पुढं बुजवली म्हणतात. मी आता साताऱ्याला असते. घरात नळ आहे. पाटी नाही, कुलूप नाही.

काल दिवेलागणीला मी दार उघडलं...

उंबऱ्यावर तांब्या होता.

मी तो मोरीत ओतलेला नाही. देव्हाऱ्यापाशी ठेवलाय. बाईंनी तो माझ्याच हाती दिला होता, पोचता करायला. पण ज्या विहिरीत सोडायचा ती विहीरच राहिलेली नाही.

सकाळपासून पेला भरून समोर ठेवलाय. अजून प्यायलेले नाही.