काकासाहेबांचा नेम

ते साल होतं एकोणीसशे अठ्ठेचाळीस. निजामाचं राज्य अजून उभं होतं, पण त्याच्या पायाखालची जमीन हलू लागली होती. आमच्या आष्टीत, आषाढातल्या एका बाजाराच्या सकाळी, काकासाहेबांच्या घरात मात्र भांडण पेटलं होतं ते सुनेच्या उजव्या मनगटावरून!

"दाखव, दाखव तो हात!" नंदाबाईनं भावजयीचं मनगट उंबऱ्याच्या उजेडात ओढलं. "डाव्या हातात हिरवा चुडा, आन् उजव्या हातात नुसते चांदीचे गोट? माझा भाऊ तिकडं सरहद्दीवरच्या कॅम्पात जिवावर उदार होऊन बसलाय, आन् तू अर्धं अहेवपण उतरवून हिंडतीस? काय चिंतून राह्यलीस गं त्याच्यासाठी?"

द्वारकाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. 

नंदाबाई काही वाईट नव्हती. काकासाहेबांची ती एकुलती लेक, भोकरदनला दिलेली, हसरी, उदार हाताची, फक्त पोटात काही न राहणारी. गावातून तिच्या कानावर गेलं होतं की वहिनीनं आबांला मुठीत ठेवलंय. दिवसभर दुकानाच्या दारामागं उभी राहते, आबांला कुणाशी एकटं बोलू देत नाही. आई जाऊन दहा वर्षं झालेली, भाऊ बद्रीनाथ निजामाविरुद्धच्या लढ्यात गेलेला... बापाच्या काळजीनं कासावीस होऊन ती धावत आली होती.

आणि खरं काय ते एका द्वारकाबाईलाच ठाऊक होतं. काकासाहेबांना दिसत नव्हतं!

वरून त्यांचे डोळे नितळ होते, पण आतली ज्योत मालवली होती. बद्रीनाथ घर सोडून गेल्यानंतरची गोष्ट. काकासाहेब एका गिऱ्हाईकाला गोडेतेल मापून देत होते आणि धार मापाच्या बाहेर, भुईवर पडत होती. दाराआडून द्वारकाबाईनं ते पाहिलं. सासऱ्याशी बोलायची रीत त्या घरात नव्हती. सुनेला काही सुचवायचं तर ती बांगड्या वाजवी. तिनं घाईनं हात हलवला. काकासाहेबांची धार थबकली. गिऱ्हाईक गेल्यावर ते दाराकडं तोंड करून हळूच म्हणाले, "पोरी, कळलं ना तुला? कुणाला सांगू नको. नंदीला तर बिलकुल नको. हे बाहेर पडलं तर आपला परवाना जाईल, आन् परवाना गेला की बंदूक जाईल."

बंदूक म्हणजे काकासाहेबांच्या बापानं घेतलेली ठासणीची बंदूक. सरकारी परवाना काकासाहेबांच्या नावाचा. दरसाल तहसिलीत स्वतः हजर राहून ती दाखवावी लागे. खंडेनवमीला तिची पूजा होई, आणि पूजेनंतर काकासाहेब दुकानामागच्या लिंबाला टांगलेलं मडकं एका बारात फोडत. अख्खा बाजार ते पाहायला लोटे. त्या दिवसांत शेजारच्या गावांत भरदिवसा दुकानं लुटली जात होती, घोड्यांवरून निजामाच्या पाठीराख्यांच्या टोळ्या येत, पोत्यांसकट गल्ले नेत. पण आष्टीच्या पेठेत पाऊल टाकायला कुणी धजत नव्हतं. ओट्यावर मांडीवर बंदूक घेऊन बसलेला म्हातारा साऱ्या मुलुखाला ठाऊक होता. त्या एका नेमाच्या धाकावर सगळी पेठ सुखानं निजत होती!

म्हणून सुनेनं आपल्या डाव्या हातात काच ठेवली आणि उजव्या हातात चांदी. काचेची किणकिण झाली की माणूस डावीकडं, चांदी वाजली की उजवीकडं, दोन्ही वाजले की समोर. मागल्या खंडेनवमीला बायकांच्या घोळक्यात उभं राहून तिनं काच वाजवली, मग जराशी चांदी, मग दोन्ही... आणि मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. लोकांनी काकासाहेबांचा जयजयकार केला. त्या सांजेला म्हातारा दाराशी येऊन पुटपुटला, "नेम तुझा व्हता, पोरी. मी नुसता चाप ओढला." द्वारकाबाई पदरात तोंड खुपसून हसली होती आणि मग कितीतरी वेळ रडली होती. लहानपणीच पोरकी झालेली ती. बाप म्हणजे काय, ते तिला या अंधारानं दाखवलं होतं.

हे सगळं नंदाबाईला कसं सांगायचं? काकासाहेबांनी तर तिचं नाव घेऊन बजावलेलं!

"आमिनाभाबी, घाल हिला!" नंदाबाईनं हुकूम सोडला.

शेजारच्या दुकानातल्या बदरोद्दीन मणियाराची बायको आमिना बांगड्यांची टोपली घेऊन बसलीच होती. "अगे दे ना हात, द्वारकाबाई! नणंद इत्ते प्यार से बोलरई. हिरवी काच हाय, तुज्या मालकाचं आयुष्य वाढंल."

"आज नको, वन्सं," द्वारकाबाई काकुळतीला आली. "उद्या... उद्या नक्की घालते."

"उद्या का? माझ्या भावापेक्षा तुझे गोट मोठे?"

यावर कुठली सवाष्ण काय बोलणार? तिनं हात पुढं केला. गोट उतरले. हाताची बोटं दाबत, लाडानं फुंकर घालत आमिनानं उजवं मनगट काचेनं भरलं. नंदाबाईनं आनंदानं भावजयीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "आता कशी दिसतीस! उगं डोळ्यांतून पाणी काढलंस."

द्वारकाबाईनं दोन्ही हात हलवून पाहिले. दोन्हींचा आवाज एकच.

दुपारी भर बाजारात तहसिलीचे पेशकार सिराजोद्दीन दोन शिपायांसह ओट्यापुढं उभे राहिले. तसे ते अदबीचे गृहस्थ. पण हुकूम हुकूमच. एका शिपायानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. तालुक्यातल्या सगळ्या बंदुका जागेवर जाऊन तपासायच्या होत्या. ज्याच्या नावाचा परवाना, त्याला स्वतःला बंदूक चालवता आली पाहिजे. आजारी, आंधळा किंवा गैरहजर असेल, त्याची बंदूक ठाण्यात जमा.

पेठ चिडीचूप झाली. काकासाहेबांनी कान दाराकडं लावला. पेशकार न बोलता उजव्या हाताला उभे होते.  दाराआड सवयीनं द्वारकाबाईचा उजवा हातच हलला आणि काच वाजली...

काकासाहेब रुबाबात उठले, डावीकडं वळले आणि ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीला लवून सलाम केला!

बाजारात हशा पिकला. "काकासाब, मैं इधर हूं," पेशकार चकित होऊन म्हणाले. म्हातारा गोंधळला, घाईनं एक पाऊल पुढं टाकलं, पाय तागडीत अडकला आणि वजनं खणखणत ओट्याखाली गेली.

नंदाबाई किंचाळतच बाहेर आली. "पाह्यलं? पाह्यलं सगळ्यांनी? लोक म्हणत व्हते ते खोटं न्हाई! हिनं माझ्या आबांला अफू चारून येडं केलंय, दुकान बळकवायला!"

सगळ्यांच्या नजरा दाराकडं वळल्या. पेशकारांनी गंभीरपणे विचारलं, "काकासाब, ही गोष्ट खरी आहे? अफूची नशा असेल तर मी आठवड्यानं परत येईन, तोवर बंदूक तुमच्याकडंच राहील. डोळ्यांचं काही असेल तर मात्र..."

द्वारकाबाईला त्या शब्दांत एक फट दिसली. एक आठवडा! आठवड्यात गोट पुन्हा मनगटात येतील, परवाना राहील, पेठ राहील. जाईल ते फक्त तिचं नाव. तिनं पदर कपाळावर ओढला आणि लग्न होऊन आल्यापासून कधी न ओलांडलेला तो दुकानाचा उंबरा ओलांडून भर बाजारात उभी राहिली.

"व्हय. मीच दिली अफू. मामंजींचा काई दोष न्हाई."

थू थू करणारे आवाज उठले. कुणीतरी शिवी हासडली. पण काकासाहेब... ते मान वर करून तो आवाज ऐकत राहिले. इतकी वर्षं ज्या पोरीनं त्यांना भाकरी वाढली, वाट दाखवली, तिचा आवाज ते आयुष्यात पहिल्यांदा समोरून ऐकत होते, आणि पहिलंच वाक्य ती खोटं बोलली होती, त्यांच्यासाठी!

 त्यांनी चाचपत भिंतीशी टेकवलेली बंदूक उचलली आणि पेशकारांच्या आवाजाच्या दिशेनं दोन्ही हातांनी पुढं धरली.

"घ्या साहेब. जमा करा. मला दिसत न्हाई! साल व्हत आलं, बिलकुल दिसत न्हाई. मागल्या खंडेनवमीला मडकं फुटलं ते हिच्या बांगड्यांच्या इशाऱ्यावर. तुमी समदे ज्या नेमाला भिता, तो हिचा नेम हाय!"

"मामंजी, काय केलंत हे!" द्वारकाबाई कळवळली. "आता आपलं कसं व्हायचं?"

"व्हईल ते व्हईल. बंदुकीसाठी मी डोळे लपवले, पोरी. तुला न्हाई लपवायचं. इज्जत काय फक्त दुकानाला असती?"

पेशकारांनी बंदूक घेताना मान लवली. "बेटी, ऐसा झूठ मैंने उम्र में नहीं सुना," एवढंच ते म्हणाले.

 नंदाबाईनं भावजयीच्या पायांवर लोळण घेतली. "वहिनी, माझी जीभ झडो! अगं, एकदा तरी बोलायचं व्हतंस..."

"तुमी भावाच्या मायेपोटीच केलंत ना, वन्सं? उठा. आन् तुमाला सांगितलं असतं तर भोकरदनपत्तोर गेलं असतं," द्वारकाबाई रडता रडता हसली, आणि नंदाबाईही हुंदक्यातच हसू लागली.

बंदूक गेली. पेठेवर भीतीची सावली पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बदरोद्दीन आपली बाज खांद्यावर घेऊन आला आणि काकासाहेबांच्या ओट्याखाली टाकून बसला.

"काय रे बदरू, दुकान सोडून इथं?"

"मेरी औरत की चूडियों ने आपकी बंदूक खाई, काकासाब. अब मैं बैठूंगा. कोई आया तो पहले मेरेसे बात करेंगा."

आणि खरंच, श्रावणात एक टोळी आली तेव्हा तो आडवा उभा राहिला. एकाला त्यानं त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली, दुसऱ्याला त्याच्या निकाहात भरलेल्या बांगड्यांची आठवण करून दिली. शरमून ती माणसं घोडी वळवून गेली.

मग सप्टेंबर आला. हिंदी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि वारं एकदम उलटं फिरलं. आता लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव बदरोद्दीनच्या दुकानाकडं निघाला. द्वारकाबाईनं आमिनाला आणि तिच्या माणसाला माजघरात घेतलं, कडी लावली आणि सासऱ्याचा हात धरून ओट्यावर येऊन बसली, उघड्यावर, सगळ्यांदेखत.

"आबा, बाजूला व्हा," जमावातून कुणीतरी ओरडलं.

"माझ्यापाशी बंदूक न्हाई, आन् डोळे बी न्हाईत," काकासाहेब शांतपणे म्हणाले. "पण आवाज वळखतो मी. कारभारी, तूच ना रे? तुझ्या बारशाचा गूळ ह्याच दुकानातून गेल्ता. आन् मागं खोकला तो रामराव. अजून कोन कोन हाय, बोला की... मला एकेकाचं नाव घेऊ द्या."

कुणीच बोललं नाही. बोललं की नाव निघत होतं! पायांचे आवाज हळूहळू पांगत गेले. 

बद्रीनाथ दिवाळीच्या आधी सुखरूप परतला. बहिणीनं त्याला सगळं रडत रडत सांगितलं. त्यानंतर तो दुकानातली प्रत्येक गोष्ट बायकोला विचारूनच करू लागला. सिराजोद्दीन पेशकार नोकरी सोडून हैदराबादेला लेकाकडं गेले आणि तिकडंच वारले. बदरोद्दीन आणि आमिना आष्टीतच राहिले. त्यांच्या नातवांचं दुकान आजही आहे. नव्या सरकारच्या कचेरीनं बंदूक परत देऊ केली, तेव्हा काकासाहेबांनी ती नको म्हणून कळवलं. नंदाबाई दरसाल माहेरी येई ती बापाआधी भावजयीच्या गळ्यात पडे, आणि द्वारकाबाईची गोष्ट तिनं भोकरदनच्या घराघरांत सांगितली. पोटात काही न राहण्याचा तेवढा एक चांगला उपयोग झाला!

काकासाहेब पुढं सहा वर्षं जगले. जुनी रीत त्या भरबाजारात एकदा मोडली ती मोडलीच. सकाळी ओट्याशी बसून द्वारकाबाई त्यांना सगळी पेठ सांगे: कोण आलं, कुणाचं लुगडं नवं आहे, कुणाच्या बैलानं हट्ट धरलाय. शेवटच्या दिवशीही ती अशीच सांगत होती. मध्येच ती थांबली. त्यांनी चाचपून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थांबू नको, पोरी," ते म्हणाले. "बोल. दिसून राह्यलंय मला."