आत उघडणारं दार

सुटीच्या दिवशी दुपारी सुतार पिशवी खांद्याला लावून शिवणकारखान्याचा जिना चढला. काम किरकोळ होतं. वरच्या हॉलचं दार बाहेर, पॅसेजमध्ये उघडायचं, ते आत उघडेल असं करायचं. बिजागऱ्या हॉलच्या बाजूला घ्यायच्या आणि दार मिटल्यावर ज्या पट्टीला टेकतं ती पॅसेजच्या बाजूला ठोकायची. हात बसलेल्या माणसाला त्यात काही नवल नाही.

पण हेच दार त्याने मागच्या महिन्यात बाहेर उघडणारं करून दिलं होतं. नियमच तसा होता. तपासनीस आला, दार उघडून-मिटून पाहिलं, सही केली. निघताना सुताराला म्हणाला, "मिस्त्री, यातला एकही नियम कुणी खुर्चीत बसून सुचवलेला नाही. प्रत्येकाखाली माणसं गाडलेली आहेत. हा दाराचा नियम तर याच इमारतीने दिला."

सुताराला ते ठाऊक होतं. तो लहान असताना इथला जुना कारखाना जळाला होता. दाराला कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. दार आत उघडायचं, एवढंच. सगळी गर्दी दारावर येऊन आदळली आणि पुढच्यांना ते ओढायला वीतभर जागा राहिली नाही. भिंती उरल्या. त्यांना गिलावा करून नवा कारखाना उभा राहिला.

"मालक, दार आहे तसं राहू द्या," सुतार म्हणाला.

"आणि हे गठ्ठे काय माझ्या डोक्यावर ठेवू?" मालकाने पॅसेजच्या भिंतीला रचलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर थाप मारली. "दार बाहेर आलं की सगळा पॅसेज अडतो. तपासनीस गेला, आता वर्षभर फिरकत नाही. तुझी लेक उद्यापासून मशीनवर बसणार ना? का तिची जागा दुसरीला देऊ?"

लेकीने त्या जागेसाठी वर्षभर खेटे घातले होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. सुताराला अक्कल होती, ती त्याने पिशवीशेजारी खाली ठेवली आणि पटाशी उचलली.

मालक पॅसेजच्या टोकाला आपल्या खोलीत जाऊन बसला. सुटी म्हणून वीज बंद होती. हॉलच्या खिडक्यांना जाळ्या, त्यातून मळकट उजेड येत होता. ओळीने झाकलेली मशीनं मान खाली घालून बसल्यासारखी दिसत होती. सुताराने बिजागऱ्या बसवल्या, पट्टी ठोकली. दार एका बोटाने फिरत होतं. कुठे घासतं का पाहावं म्हणून तो आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. हत्यारं बाहेरच राहिली.

मग त्याने मूठ धरून दार ओढलं. ते आलं नाही.

चौकटीला पाय लावून ओढलं. बोटभर फट पडली आणि दार पुन्हा मिटलं. बाहेरून कुणी ओढत नव्हतं. हातात लाकूड धरून ज्याचं आयुष्य गेलं त्याला एवढं कळतं. दार आतून दाबलं जात होतं. त्याच्याच बाजूने.

तेव्हा त्याला वास आला. इस्त्री कापडावर विसरली की येतो तसा. पाठीला ऊब लागली. मग वजन आलं. हळूहळू, घाई न करता, त्याची छाती फळीला टेकली, गाल टेकला. मान वळवावी एवढीही जागा उरली नाही.

"काका..." कानाशी एक बाई बोलली. आवाजात भीती नव्हती, नुसता थकवा होता. "उघडा ना."

"मागे सरा," सुताराच्या तोंडून कसंबसं निघालं. "दार आत येतं... जागा द्या."

"मी सरते हो. पण मागच्यांना दिसत नाही, काका..."

सुताराने मालकाला हाक मारली. तो चपला फरफटत आला.

"काय मिस्त्री, स्वतःच्याच पिंजऱ्यात अडकलास?" हसत हसत त्याने बाहेरून खांदा लावला. फट पडली. फटीत त्याचा चेहरा दिसला. त्याची नजर सुताराच्या खांद्यावरून मागे गेली आणि हसू तिथेच थिजलं. दार धाडकन मिटलं.

"मिस्त्री..." पलीकडून आवाज आला. "तुझ्याबरोबर... कोण कोण आलंय?"

"पट्टी काढा! पिशवीजवळ पटाशी आहे. पट्टी उचकटा आधी!"

मालकाने जन्मात हत्यार धरलं नव्हतं. तरी लाकूड करकरलं, खिळे किंचाळले, आणि आधार सुटताच नव्या बिजागऱ्या स्क्रूसकट उपटून दार पॅसेजमध्ये पडलं. वर सुतार पालथा. त्याच्या अंगावरून गरम वारा जिन्याकडे धावला. कुणी त्याला तुडवलं नाही. एक पदर मात्र कानाला घासून गेला.

वारा थांबला तसा त्याने डोकं वर केलं. हॉल रिकामा होता. मशीनं जागच्या जागी. मालक गठ्ठ्यांना पाठ लावून, पोट आत ओढून उभा होता.

"मालक, गेले ते."

"गप... अजून येताहेत." मालकाचे डोळे रिकाम्या चौकटीवर खिळले होते. मग तो एकाएकी वळला आणि गठ्ठे ओढून टोकाच्या आपल्या खोलीत ढकलू लागला. नखं फाटली तरी थांबेना. "वाट द्या... त्यांना वाट द्या..."

पॅसेज मोकळा झाला, तेव्हा कुठे तो खाली बसला.

अंधार पडायच्या आत सुताराने दार पुन्हा बाहेर उघडणारं करून बसवलं. घरी येऊन तो लेकीला म्हणाला, "उद्या जाऊ नकोस."

"वर्षभर वाट बघितली बाबा, आणि आता जाऊ नको?" ती फटकन म्हणाली. "तुम्हीच दार बसवलंय ना? मग भीती कशाची?"

ती गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उंबऱ्यात उभा राहिला होता. लेक हसतच आली. काम जमलं, मालक आज कुणावर ओरडला नाही, सुटल्यावर सगळ्या कशा भराभर बाहेर पडल्या, ती सांगत सुटली.

"दार तर काय सुरेख फिरतं, बाबा. फक्त एक गंमत झाली. मशीन झाकता झाकता मला उशीर झाला. मी सगळ्यांच्या शेवटी होते. हॉलमध्ये कुणी नव्हतं. तरी दारात मागून कुणीतरी पाठीला हात लावून म्हणालं, चल गं पुढे."

सुताराने विचारलं, "मग?"

"मग काय? मी बाजूला झाले, म्हटलं तुम्ही व्हा पुढे." ती चप्पल काढायला वाकली. "तर म्हणाली, नाही, आधी तू. आम्ही आता इथेच आहोत."

तिच्या पाठीवर, नव्या कोऱ्या कुर्त्यावर, इस्त्री जास्त वेळ टेकली की पडतो तसा पिवळट डाग होता. सुताराने त्याला बोट लावलं.

कापड अजून गरम होतं.