कर्त्याआधीची जागा

हेमांगी कर्पे यांच्या मेंदूवर बसवलेल्या भाषाजाळीत एकशे अठ्ठावीस तारा होत्या. त्यांतल्या एकशे एकोणीस नीट काम करत होत्या, सहा नुसता गोंगाट पाठवत होत्या आणि तीन मुक्या होत्या. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, एक संगणक आणि उशाशी मुठीएवढा ध्वनिक्षेपक. पलंगावरच्या बाईंचे डोळे उघडे होते, पण ते कुणावर ठरत नव्हते. पक्षाघातानंतर जवळजवळ वर्षभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जाळी बसवल्यापासून त्या ध्वनिक्षेपकातून बोलत होत्या, तेही इंग्रजीत, कारण जाळीला तेवढी एकच भाषा शिकवलेली होती.

"तीस वर्षं माझ्याशी मराठीत भांडली," विश्राम कर्पे म्हणाले, "आणि आता इंग्रजीत गोड बोलते. काय म्हणावं हिला!"

ऋजुता ढोले हसली. एम.एस्सी. होऊन ती कोल्हापूरच्या या संशोधन केंद्रात नुकतीच लागली होती. कर्पेकाका तिला आवडायचे. उद्यमनगरातला लेथचा कारखाना पुतण्यावर सोपवून ते दिवसभर बायकोच्या उशाशी बसत.

ध्वनिक्षेपक बोलला, "इन द बॅक व्हरांडा, आफ्टर स्कूल, आय मेक टी फॉर यू."

"ऐकलंस? मागच्या पडवीत चहा करते म्हणे माझ्यासाठी." काकांनी बायकोचा हात थोपटला. "कर बाई, कर. साखर कमी घाल."

ऋजुताला मात्र एक शब्द खटकला. काकांचा जन्म कारखान्यात गेला आणि काकूंचा घरी बसून शास्त्रज्ञांच्या निबंधांचं इंग्रजी सुधारण्यात. मग 'शाळेनंतर' कशाला?

तिने ही शंका डॉ. शकील मुजावरांपुढे मांडली. भाषाजाळी त्यांनीच घडवली होती.

"ढोले, इंग्रजी वाक्य कसं सुरू होतं?" त्यांनी विचारलं.

"कर्त्यानं, सर. मग क्रियापद, मग बाकीचं."

"ते शाळेतलं झालं. जागा, वेळ, परिस्थिती आधी सांगायची असेल तर तो तुकडा कर्त्याच्या पुढे येतो. 'पुलाखाली, पहाटे,' मग स्वल्पविराम, आणि मग माणूस. या बाईंनी माझे निबंध सुधारलेत. म्हणायच्या, आधी वाचकाला खोलीत नेऊन उभं करा, मग आत कोण आहे ते दाखवा. पण असे तुकडे दोनच ठेवा, नाहीतर तो कर्त्याची वाट बघून कंटाळेल."

"त्याचा जाळीशी काय संबंध?"

"मेंदूही तसाच चालतो. जागेचा संदेश स्थलपेशींकडून येतो, खोलवरून, आणि तो आधी येतो. कर्त्याचं नाव वरच्या थरातून येतं, नंतर. बाईंचा वरचा थर पक्षाघातात गेला. म्हणून आपण वाक्यपूरक जोडला. कर्त्याचा संदेश फिका आला की पूरक अंदाज बांधतो आणि वाक्य पुरं करतो."

"अंदाज कशावरून?"

"त्यांच्या जुन्या लिखाणावरून. पत्रं, निरोप, टाचणं. कर्पेसाहेबांनीच सगळं आणून दिलं."

"आणि संदेश फिका न येता आलाच नाही तर?"

मुजावरांनी चष्मा काढला. "तरीही पूरक वाक्य पुरंच करणार. त्याला थांबायला आपण शिकवलेलं नाही."

प्रश्न नुसता जिज्ञासेचा नव्हता. जाळीच्या कडेला जंतुसंसर्ग सुरू झाला होता. ती ठेवली तर जिवाला धोका होता, काढली तर आवाज जाणार होता. सोमवारी काकांनी निर्णय द्यायचा होता.

त्यांनी ऋजुताला सरळच विचारलं, "पोरी, मला शास्त्र कळत नाही. एवढंच सांग. बोलतेय ती हेमाच ना? ती माझ्याशी बोलत असेल तर मी जाळी काढू देणार नाही. आणि यंत्रच बोलत असेल तर तिला कशाला छळायचं?"

"बघायला हवं, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुजावरांच्या परवानगीने तिने पूरक बंद केला.

"अंडर द डायनिंग टेबल," ध्वनिक्षेपक म्हणाला, आणि थांबला.

काका पुढे वाकले. पुढे काही आलं नाही.

"बिहाइंड द कर्टन, इन द आफ्टरनून," पुन्हा शांतता. "ऑन द बार ऑफ द सायकल." "इन द बॅक व्हरांडा, आफ्टर स्कूल."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे चहाबिहा..."

"ते पूरकानं जोडलं होतं," मुजावर हळू आवाजात म्हणाले. "'मी'सुद्धा. 'तुमच्यासाठी'सुद्धा. पण जागा त्यांच्या आहेत, कर्पेसाहेब. त्या पूरक बनवत नाही."

"मग माणूस कोण? कुणाबद्दल बोलतेय ही?"

"ते विचारता येईल," ऋजुता म्हणाली. "ऐकलेलं मनातल्याशी जुळलं की मेंदूत एक लहर उठते, संमतिलहर. ती काकूंची शाबूत आहे. जागा त्या सांगतील, कर्ता तुम्ही म्हणा. जुळला तर पडद्यावर दिसेल."

काकांनी घसा साफ केला. ध्वनिक्षेपकाने टेबलाखालची जागा सांगितली. काका म्हणाले, "आय." पडद्यावरची रेषा सपाट राहिली. त्यांनी बायकोकडे पाहून पुन्हा म्हटलं, "यू." सपाटच. मग अवघडून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "विश्राम." काहीच नाही.

"मी मेलोय की काय हिच्या लेखी?" ते हसायला गेले, पण हसू उमटलं नाही.

ऋजुता चारही जागा पुन्हा वाचत होती. टेबलाखाली. पडद्यामागे. सायकलच्या दांडीवर. शाळेनंतर मागच्या पडवीत. या जागांत मोठं माणूस मावत नव्हतं.

"काका," तिने विचारलं, "तुमच्या घरात लहान मूल होतं का?"

मुजावरांनी मान वर केली. काकांनी हातातल्या चष्म्याच्या घराची झडप उघडली, मिटली.

"होतं," ते म्हणाले. "जुई. दुसरीत होती. मेंदूज्वरानं गेली. त्याला बावीस वर्षं झाली."

"पण तुम्ही दिलेल्या लिखाणात एकदाही..."

"मी काढलं ते. जिथं जिथं तिचं नाव होतं ते सगळं. पत्रं, फोटोमागच्या ओळी, सगळं वेगळं करून ठेवलं. आमच्यात तिचं नाव घेत नाहीत. हेमानंच सांगितलं होतं, तेराव्यानंतर. अहो, पुन्हा हे नाव नको. मी नाही घेतलं. तिनंही नाही." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "निदान मला तसं वाटलं."

मुजावर खाली बसले. पूरकाने जे नाव कधी वाचलंच नव्हतं, ते तो कुठून आणणार होता? महिनाभर बाई त्या मुलीची जागा सांगत होत्या आणि प्रत्येक वेळी यंत्र त्या जागेत दुसऱ्यालाच बसवत होतं.

"काका, नाव तुम्हालाच घ्यावं लागेल," ऋजुता म्हणाली. "आमच्या तोंडून ते परकं वाटेल."

"नको म्हणाली होती ती."

"हो."

ध्वनिक्षेपकातून आवाज आला, "बिहाइंड द कर्टन, इन द आफ्टरनून,"

काकांनी खुर्ची ओढून पलंगाला टेकवली आणि बायकोच्या कानाजवळ तोंड नेलं.

"जुई," ते म्हणाले.

पडद्यावरची रेषा उभी चढली, टोकाला थरथरली आणि सावकाश उतरली.

"अजून एकदा बघू या?" मुजावरांनी विचारलं. "एकदाच झालं तर तो योगायोगही असू शकतो."

"किती वेळा म्हणाल तितक्या वेळा," काका म्हणाले. त्यांनी डोळे पुसले नाहीत.

दुपार होईपर्यंत ते जागा ऐकत राहिले आणि माणसं सांगत राहिले. ऋजुताने नावांचा क्रम संगणकाकडून उलटसुलट करून घेतला होता, म्हणजे पुढे कोणतं नाव येणार हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नसे. एकदा काकांनी तिला थांबवून विचारलं, "सोमवारचं काय करू?" आधी मोजणी पुरी करू, एवढंच ती म्हणाली. ते पुन्हा खाली वाकले.

चाळिसाव्या जागेनंतर तिने निकाल काढून पडद्यावर ठेवला. मुजावरांनी तो वाचला आणि काकांसाठी पडदा फिरवला.

तपासलेल्या जागा चाळीस. 'मी' या कर्त्याला संमतिलहर: शून्य. 'तू'ला: शून्य. 'विश्राम'ला: शून्य. 'जुई'ला: एकोणचाळीस.