भिकूअक्काचं कोपर

दिपमाला स्टुलावर चढून दाराच्या चौकटीला कप्पी बांधत होती. खांदे आखडलेल्या पेशंटांना दोरी ओढायला ती लागायची. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ढकललं. स्टूल डगमगलं, दिपमालाच्या तोंडून "आई गं!" निघालं... आणि दोन हातांनी ते खालून गच्च धरलं. तिला नाही हं — स्टूल.

"तुम्ही पडल्या असत्या, तर माझ्या पहिल्या पेशंट तुम्हीच," खालून आवाज आला.

"आणि तुम्ही दार वाजवलं असतं, तर मी डगमगलेच नसते."

"चुकलं. नवीन आहे. डॉक्टर कुंदन बडगुजर, धुळ्याचा. हाडांचा डॉक्टर."

"मी दिपमाला. हाडांच्या नंतरची."

"नंतरची म्हणजे?"

"तुम्ही जोडता, मी हलवते," ती म्हणाली आणि हसू लपवायला पुन्हा गाठीकडे वळली. गाठ मात्र दोनदा सुटली.

जळगावच्या त्या दवाखान्यात फिजिओथेरपीची खोली पार टोकाला, गाद्या ठेवायच्या खोलीला लागून होती. आधीचे सर्जन कागदावर 'फिजिओ' एवढं लिहून पेशंट पाठवून द्यायचे. तिच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. हा कुंदन मात्र दुपारच्या चहाचा कप हातात घेऊन रोज तिथे यायचा, कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा आणि विचारायचा, "आज माझ्या पेशंटांनी काय काय केलं?" दिपमाला सांगायची. तो ऐकायचा. असा मन लावून ऐकणारा माणूस तिने अजून पाहिला नव्हता, आणि म्हणूनच चार वाजत आले की तिचा हात उगाच केसांकडे जायचा.

संक्रांत नुकतीच झाली होती. धरणगावची भिकुबाई मोटरसायकलवरून पडली आणि उजव्या कोपराचा चुरा घेऊन दवाखान्यात आली. आसपासच्या गावांत कुणाचं लग्न असो की बारसं, मांडे करायला भिकूअक्काच हवी. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, कोपरं वाकवत-फिरवत ती ताटापेक्षा मोठा मांडा करायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या लेकी माहेरी यायच्या, आणि तिचं एकच म्हणणं होतं.

"डाक्टर, आखाजीले मन्या आंडेरी येतीन. मांडा मीच करसू. हात वाकना पाहिजे, बस."

शहरी मराठीत तोलून-मापून बोलणारा कुंदन पटकन अहिराणीत म्हणाला, "वाकी अक्का, काळजी करू नको. आम्ही दोन्ही शेतस ना."

आम्ही दोन्ही! दिपमालाने ते दोन शब्द उचलून मनात ठेवून दिले.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरमधून निरोप आला, फिजिओथेरपीच्या मॅडमना आत बोलावलंय. तिला वाटलं, चेष्टा असेल. टोपी-मास्क चढवून ती आत गेली. कुंदनने भिकूअक्काचा भुलीत सैल पडलेला हात उचलला, हळूहळू वाकवला, बोटं खांद्यापाशी नेली आणि मग तितक्याच हळू सरळ केला.

"बघून ठेवा," तो म्हणाला. "प्लेट पक्की बसलीय. इथे एवढं वाकतंय. शुद्धीवर आल्यावर दुखेल, सूज येईल, त्या घाबरतील. तरी एवढं परत आणता येतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असावं. माझं काम टाके घालून संपेल... पुढचा सगळा हात तुमचा."

जो सांधा महिनोन् महिने हलवायचा, तो तिला आजवर एकाही सर्जनने आतून दाखवला नव्हता. मास्कच्या वर त्याचे दमलेले, आनंदी डोळे तेवढे दिसत होते. दिपमालाला तो आवडला. अगदी मनापासून आवडला; उगाच आडपडदा कशाला?

व्यायाम सुरू झाले. कोपर फार दिवस बांधून ठेवलं तर कायमचं आखडतं, म्हणून टाके ओले असतानाच दिपमालाने अक्काला हळूहळू हलायला लावलं. आपली ओढणी तिच्या दोन्ही हातांवर टाकून ती म्हणायची, "अक्का, हा मांडा. फाटू देऊ नका." अक्का हसायची, कण्हायची, पुन्हा हात फिरवायची. दुपारी कुंदन यायचा आणि विचारायचा, "आज मांडा केवढा झाला?" बोट रोज थोडं थोडं खांद्याकडे सरकत होतं. इकडे दिपमालाही मनातल्या मनात मांडे खात होती, पण त्या मांड्यांची चव कुणाला सांगणार?

आणि मग घरी चार दिवस राहून अक्का परत आली, ती लालबुंद, गरम, टम्म सुजलेलं कोपर घेऊन. हात जागचा हलेना.

वॉर्डात मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "फिजिओवाल्यांनी घाई केलेली दिसते. जोर लावला की असंच होतं."

दिपमालाचे कान तापले. ती बोलायला पुढे सरकली.

"नाही सर," कुंदन शांतपणे म्हणाला. "मी रोज त्यांच्या खोलीत बसतो. त्यांनी जोर लावलेला नाही." मग तो अक्काच्या पलंगावर टेकला. "अक्का, खरं सांग. कोनी चोळं?"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "नणदनी तेल लाईसन चोळं, भाऊ. आनि वढं बी. आखाजी जवळ उनी ना... माले वाटनं, लवकर व्हई."

नंतर त्या टोकाच्या खोलीत दोघांचं चांगलंच वाजलं. चोळल्यामुळे स्नायूत नको तिथे हाड धरतं, म्हणून कुंदनला हात परत बांधून ठेवायचा होता. दिपमाला म्हणाली, बांधलात तर कोपर संपलं.

"सूज बघा ना तिची!"

"बघितली. बर्फ लावा, चोळणं बंद, मीही हात लावणार नाही. पण न दुखता जेवढं तिचं तिला हलवता येईल, तेवढं हलवू द्या. डॉक्टर... एकदा माझं ऐका."

तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला. मग म्हणाला, "ठीक. पण एक्स-रेत नवं हाड दिसलं, तर माझं ऐकायचं."

"ऐकेन."

एक्स-रे आला तेव्हा दोघांनी तो एकदमच खिडकीकडे धरला. नवं हाड नव्हतं, आणि अक्काचं कोपर पुन्हा वाकू लागलं होतं. दोघांची बोटं फिल्मच्या एकाच कडेवर होती आणि कुणीच काढत नव्हतं. शेवटी दिपमालाच म्हणाली, "चहा गार होतोय..." आणि तिला स्वतःचाच राग आला.

आखाजीला भिकूअक्काने दोघांना हट्टाने धरणगावला बोलावलं. अंगणात कडुलिंबाला झोका बांधला होता, लेकी गाणी म्हणत होत्या. चुलीवर उलटं खापर तापलेलं. अक्काने गोळा हातांवर घेतला. एक वळसा, दुसरा वळसा... आणि उजव्या बाजूने मांडा फाटला. गाणी थांबली. अक्का हाताकडे बघत राहिली. दिपमालाने नकळत कुंदनची बाही धरली.

अक्काने दुसरा गोळा घेतला. या वेळी सावकाश. कोपर वाकलं, फिरलं, पुन्हा वाकलं. मांडा पातळ झाला, मोठा झाला, उन्हात आरपार दिसू लागला आणि अलगद खापरावर जाऊन पडला. लेकींनी एकच गलका केला. अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, "दोन्ही हात लागतस ना भाऊ! एक हातनं मांडा व्हस का कधी?"

दिपमालाने घाईघाईने बाही सोडली. कुंदन मात्र तिच्याकडेच बघत होता.

"धुळ्यात दवाखाना काढतोय," तो हळूच म्हणाला. "नकाशा व्हायचाय. फिजिओथेरपीची खोली कुठे ठेवू?"

म्हणजे हा इथून जाणार, तिला वाटलं. तरी ती म्हणाली, "ऑपरेशन थिएटरला लागून. टोकाला नको."

"तेच ठरवलं होतं. आणि... घर कुठे हवं?"

"कुणाचं घर?"

कुंदनने घसा खाकरला. शुद्ध मराठी त्याला ऐन वेळी दगा देऊन गेली. "आपलं," तो म्हणाला. "तू माले भलती आवडस, दिपमाला."

तिला हसूही आलं आणि रडूही. "घर दवाखान्यापासून जरा लांबच हवं," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही जेवायलासुद्धा तिथून उठणार नाही. आणि मी पण."

चुलीपाशी भिकूअक्काचे कान टवकारलेलेच होते. "काय वं पोरी," तिने मोठ्याने विचारलं, "जुळनं का?"

"जुळलं, अक्का," दिपमाला म्हणाली आणि गरम मांडा घ्यायला ताट पुढे केलं.