सातवी टोपी

मिस्त्री मोजल्याशिवाय काही करायचा नाही. चहात साखर घालतानाही तो चमचे मोठ्यानं मोजतो, असं त्याची ताई म्हणायची आणि ते फारसं खोटं नव्हतं. म्हणून दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, लाँचचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन दुरुस्तीला उघडलं, तेव्हा त्यानं आधी भोकं मोजली.

असल्या इंजिनाच्या ओतीव ब्लॉकला मनगटी घड्याळाएवढी गोल भोकं असतात. ती आतल्या पाण्याच्या पोकळीत उघडतात आणि पत्र्याच्या वाटीसारख्या टोप्यांनी बंद करतात. टोपीच्या कडेला फट बुजवणारं चिकट शेलॅक लावायचं, लाकडी ठोकळा धरायचा आणि हातोडीनं बाहेरून आत ठोकायची. एका अंगाला पाच, पुढे एक, मागे एक. सात भोकं, सात टोप्या. जुन्या साऱ्या गंजून कागदासारख्या झालेल्या, त्या त्यानं फेकून दिल्या.

सहा टोप्या ठोकून झाल्या, सातवीला शेलॅक लावलं आणि ताईनं जेवायला हाक मारली. "आलोच" म्हटल्यावर गप्प बसणाऱ्यातली ताई नव्हती. तो चार घास खाऊन परत आला, तोवर दाजींनी उत्साहाच्या भरात गिअरबॉक्स मागे चढवून बोल्टही आवळून टाकले होते.

"तुझं काम हलकं केलं," दाजी म्हणाले.

मिस्त्री वरवर कुरकुरला, मनातून खूश झाला आणि नळ्या गळू नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना सूत नि सफेदा लावायला बसला. मागचं भोक गिअरबॉक्सच्या आड गेलं होतं, तसंच त्याच्या डोक्यातूनही गेलं.

इंजिन लाँचमध्ये बसवलं. पाणी भरलं. अर्धा तास चालवलं. खाली कोरे कागद अंथरले होते, ते कोरडेच राहिले. काटे जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी चाळीस माणसं घेऊन पैलतीराच्या फेरीला निघाले.

मिस्त्री शेडमध्ये आवराआवर करू लागला. बाकावरचं फडकं उचललं, तर खाली सातवी टोपी. कडेच्या शेलॅकला फडक्याचे धागे चिकटले होते.

त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. आधी वाटलं, एखादी जास्त आणली असेल. पण जास्तीच्या टोपीला शेलॅक कोण लावतं? मग वाटलं, भोक उघडं असतं तर काल भरतानाच सगळं पाणी खाली आलं असतं. तेही खरं होतं. पाणी थांबलं होतं आणि टोपी त्याच्या हातात होती.

दाजींना फोन लावला. इंजिनाच्या आवाजात ते कधी फोन ऐकत नसत, आजही त्यांनी ऐकला नाही. तो धावत धक्क्यावर गेला. नदीला पाणी चढलेलं, खाली मैलभरावर बंधाऱ्याची सगळी दारं उघडी. मध्यावर इंजिन तापून अडकलं तर लाँच आणि ओंडका यांत काही फरक राहणार नव्हता.

ताई मागून आली. "तोंड का उतरलंय तुझं?"

"मागचं भोक मी बंदच केलं नाही, ताई."

"मग पाणी कसं राहिलं?"

"तेच कळत नाही."

ताई पायरीवर त्याच्या शेजारी बसली आणि लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. मिस्त्रीनं त्या दिवशी पहिल्यांदा काहीच मोजलं नाही.

दीड तासानं वळणावर लाँच दिसली. आवाज एकसारखा, सहाच्या सहा सिलिंडरांचा. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. माणसं उतरत होती, पिशव्या सांभाळत होती, जागेवरून भांडत होती, आणि तो सगळ्यांदेखत रडत होता, हसतही होता. ताईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच डोळे पुसले.

"मस्त चालतंय," दाजी म्हणाले. "रडायला काय झालं?"

ऐकल्यावर त्यांनी ती टोपी हातात घेऊन फिरवली. "चुकून दोन टोप्या ठोकल्या असशील एकावर एक," म्हणाले. त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही. त्यांनी दुपारची फेरी रद्द केली.

मिस्त्रीनं ब्लॉकचं पाणी सोडलं. जेवढं भरलं होतं तेवढंच निघालं, पेलाभरही कमी नाही. वरची नळी काढली. मग दोघांनी साखळीच्या कप्पीवर गिअरबॉक्स मागे ओढून घेतला. दाजी हात धुवायला वर गेले.

मिस्त्रीनं बॅटरी मारली.

भोक बंद होतं. पत्र्याची टोपीच होती, पण उलटी. तिची पाठ त्याच्याकडे होती. ती आतून बसवलेली होती.

आत दोन बोटं शिरतील एवढीही जागा नव्हती. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

टोपीला शेलॅक नव्हतं. कडेनं केसाएवढी फट दिसत होती.

त्यानं अंगठ्यानं हळूच दाबलं. टोपी सुताएवढी आत गेली. मग आतून तितक्याच हळू परत जागेवर आली.

ब्लॉकमध्ये आता थेंबभर पाणी नव्हतं.

मिस्त्रीला पळून जावंसं वाटलं, आणि पळायची लाजही वाटली. काल दुपारपासून त्याची चूक कुणीतरी धरून ठेवली होती.

त्यानं सातवी टोपी पुसली. कडेला नवं शेलॅक लावलं. भोकावर धरली, ठोकळा ठेवला.

पहिला ठोका घातला. आतली टोपी थोडी मागे सरली. दुसऱ्याला आणखी थोडी. ती त्याला जागा करून देत होती.

पाचव्या ठोक्याला त्याची टोपी पक्की बसली. त्यानं हातोडी खाली ठेवली.

तेव्हा आत, ब्लॉकच्या तळाशी, पत्र्याचं काहीतरी टणकन पडलं. आणि वरच्या उघड्या नळीच्या तोंडातून एक लांब, कोमट सुस्कारा बाहेर आला.

"फार दमलास होय रे?" दाजींनी वरून विचारलं.